झाड तेच, प्रश्न वेगळा: कोणत्या वयाच्या मुलांना निसर्गात नेऊन काय करायला द्यावं

शाळेचा गट जंगलात, बागेत किंवा ओढ्याकाठी जातो तेव्हा बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. पुढे एक माहितगार माणूस, मागे मुलांची लांबलचक रांग. माणूस थांबतो, झाडाचं नाव सांगतो, उपयोग सांगतो, पुढे निघतो. पहिल्या पाचसहा मुलांना नीट ऐकू येतं, मधल्यांच्या कानावर अर्धवट पडतं आणि शेवटची मुलं तोवर आपापल्या गप्पांत रंगलेली असतात. फळ्यासमोरचा तास उचलून उन्हात नेला, यापलीकडे त्यात फारसं काही घडत नाही.

बाहेर जाण्याचा खरा लाभ असा की तिथे मूल स्वतः शोधू शकतं, हाताळू शकतं, मोजू शकतं आणि मोजलेलं पटलं नाही तर परत मोजू शकतं. पण चार वर्षांच्या मुलाला जे शोधावंसं वाटतं त्यात सोळा वर्षांच्या मुलाचं मन रमत नाही, आणि सोळाव्या वर्षी जमणारी गोष्ट आठव्या वर्षी लादली तर हाती फक्त कंटाळा लागतो. वयोगटांनुसार उपक्रम आखताना लोक सहसा आधी ठिकाण ठरवतात: लहानांसाठी बाग, मोठ्यांसाठी जंगल. माझ्या मते सुरुवात प्रश्नापासून व्हायला हवी. एकाच झाडाखाली सगळ्या वयोगटांना बसवता येतं, विचारायचा प्रश्न मात्र प्रत्येकाला वेगळा.

या शिक्षणातून साधायचं काय, यावर अनेक देशांच्या प्रतिनिधींनी ऑक्टोबर १९७७ मध्ये एकत्र बसून विचार केला होता. युनेस्कोने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या सहकार्याने तिबिलिसी इथे ही परिषद भरवली. हे शहर आज जॉर्जियाची राजधानी आहे, तेव्हा ते सोव्हिएत संघात होतं. तिथे पाच उद्दिष्टं मांडली गेली: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्यं आणि सहभाग. ही यादी आजही कामाची आहे, कारण तिच्याशी ताडून पाहिलं की आपल्या सहलीत काय कमी पडतंय ते लगेच कळतं. बऱ्याचशा सहली ज्ञानापाशी अडकतात. काही थेट सहभागावर उडी घेतात आणि पाच वर्षांच्या मुलांकडून पृथ्वी वाचवण्याच्या घोषणा म्हणवून घेतात. जाणीव आणि कौशल्यं चार भिंतींत शिकवणं सर्वांत अवघड आणि उघड्यावर सर्वांत सोपं, पण नेमकी तीच राहून जातात.

वयाचा एवढा विचार कशासाठी

पर्यावरण हा विषय मुळात अवघड आहे, कारण त्यातल्या कळीच्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. झाड दिसतं, त्याने हवेतून घेतलेला कार्बन दिसत नाही. ओढा दिसतो, पाण्यात विरघळलेला प्राणवायू दिसत नाही. कारण एकीकडे घडतं, परिणाम दुसरीकडे, आणि तोही कधीकधी कित्येक वर्षांनी. हे सगळं एकाच वेळी मनात धरायला अमूर्त विचार लागतो आणि तो वयाबरोबर हळूहळू येतो. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांची मांडणी अशी होती की साधारण सात ते अकरा या वयात मुलं समोर दिसणाऱ्या, हाताळता येणाऱ्या वस्तूंबद्दल तर्काने विचार करू लागतात. 'असं झालं तर काय होईल' हा निव्वळ कल्पनेतला विचार त्यानंतर जमू लागतो. पुढच्या संशोधनाने या सीमा बऱ्याच सैल केल्या. ओळखीच्या विषयात लहान मुलंही अपेक्षेपेक्षा बरीच पुढे जातात. तेव्हा इथे दिलेली वयं अंदाजाने घ्यावीत. तुमच्या समोरचा गट कुठे आहे हे त्याच्याबरोबर दहा मिनिटं फिरलं की कळतं.

चार ते सात वर्षं

या वयात हात, नाक आणि कान हीच उपकरणं. झाडाचं नाव सांगायची घाई नको, आधी भेट होऊ द्यावी. जोड्या कराव्यात. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने त्याला हाताला धरून एखाद्या झाडापाशी न्यायचं. खोड चाचपायचं, वास घ्यायचा, मिठीत मावतं का ते बघायचं, मग वळसे घेत मूळ जागी परत. आता डोळे उघडून आपलं झाड शोधायचं. सालीचा खरखरीतपणा, हाताला लागलेली एक गाठ, पायाला जाणवलेलं मूळ एवढ्या आठवणीवर मूल बरोबर झाडापाशी पोचतं. एकाच जातीची दोन झाडंही सारखी नसतात हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधायला काही मुलं घाबरतात, म्हणून नुसते मिटलेले डोळे बरे.

आवाजांचा नकाशा हा दुसरा आवडता उपक्रम. कागदाच्या मधोमध फुली काढायची, ती फुली म्हणजे मी. मग गप्प बसून जो आवाज ज्या दिशेने येईल तिथे काहीतरी खूण करायची: पक्ष्यासाठी चोच, वाऱ्यासाठी नागमोडी रेघ, गाडीसाठी चाक. लहानांना दोन मिनिटं पुरतात. एखाद्या दृष्टिहीन मुलाला इथे बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडतं, आणि ते सगळ्या गटासमोर येऊ द्यावं.

डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात जंगलातल्या बालवाड्या सुरू झाल्या आणि तिथून ही कल्पना अनेक देशांत पसरली. मुलं दिवसाचा बराचसा वेळ बाहेर, पाऊस असो की थंडी. तिथे मुद्दाम बनवलेली खेळणी नसतात म्हटलं तरी चालेल. काड्या, चिखल, दगड आणि भरपूर वेळ एवढंच साहित्य. आपला गट तासाभरासाठीच जाणार असला तरी यातलं एक तत्त्व उचलता येतं: निदान पंधरा मिनिटं कोणताही उपक्रम नसावा. मुलांनी खाली बसून मुंग्यांची रांग बघितली तर बघू द्यावी.

या वयाबद्दल माझं एक ठाम मत आहे. वितळणारा बर्फ, संपत चाललेले प्राणी, जळणारी जंगलं हे विषय इथे आणू नयेत. मूल ज्याच्याबद्दल काहीही करू शकत नाही अशा संकटाचं ओझं त्याच्यावर टाकलं की त्याच्या वाट्याला नुसती भीती येते, आणि भीती वाटणाऱ्या गोष्टीपासून माणूस लांब जातो. ज्या बेडकाला त्याने अजून पाहिलंही नाही, त्याच्या नाशाची बातमी त्याला आधी देऊन आपण काय मिळवतो? मूल स्वतः असा प्रश्न घेऊन आलं तर मात्र टाळू नये. खरं आणि थोडक्यात सांगावं, आणि मोठी माणसं त्यावर काम करताहेत हेही सांगावं.

आठ ते दहा वर्षं

ही मुलं गोळा करतात, मोजतात, लावून ठेवतात. त्यांना शोधायला काम द्यावं. दोरी आणि चार खुंट्या वापरून जमिनीवर एक मीटर बाजूची चौकट आखायची आणि विचारायचं: या चौकटीत किती प्रकारचे सजीव आहेत? नावं माहीत असायची गरज नाही. सापडलेल्यांचे गट मुलांनीच पाडावेत. पायांवरून पाडले तर सहा पायांचे कीटक, आठ पायांचे कोळी, ढीगभर पायांचे गोम आणि वाणी, बिनपायांची गांडुळं, असं वर्गीकरण आपोआप उभं राहतं. मग दुसरी चौकट वेगळ्या जागी: एक कापलेल्या हिरवळीवर, एक कुंपणालगतच्या वाढलेल्या गवतात. दोन्हींतले आकडे शेजारी लिहिले की 'का' हा प्रश्न मुलंच विचारतात. दगड किंवा ओंडका उचलायचा तर लांबची कड वर करून आपल्याकडे उलटायचा, म्हणजे खालचा प्राणी समोरच्या बाजूने निघून जाईल, आणि बघून झालं की होता तसाच ठेवायचा. तो दगड कुणाचं तरी छप्पर आहे.

पालापाचोळ्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव बघायचे असतील तर एक जुनी, साधी युक्ती आहे. इटलीचे कीटकशास्त्रज्ञ अंतोनियो बर्लेसे यांनी १९०५ मध्ये नरसाळ्यात पाचोळा ठेवून त्याला ऊब देण्याची पद्धत मांडली. पुढे स्वीडनच्या आल्बर्ट टुल्ग्रेन यांनी त्यात विजेचा दिवा वापरला. वरून उजेड आणि उष्णता आली की ओल आणि अंधार शोधणारे जीव खाली सरकतात आणि नरसाळ्याखालच्या भांड्यात पडतात. प्लास्टिकची बाटली कापून, तिच्या तोंडाशी जाळी लावून हे घडवता येतं. खालच्या भांड्यात ओला कागद ठेवावा, भिंगाने बघून झालं की जीव पाचोळ्यासकट परत सोडावेत.

या वयासाठी मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपक्रम म्हणजे हरणांचा खेळ. अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट वाइल्ड' या शिक्षण कार्यक्रमातून तो सगळीकडे पसरला. त्याला एक मोकळं मैदान पुरतं, आणि त्यातून जी कल्पना कळते ती पुस्तकातल्या पानभर मजकुरातूनही कळत नाही. म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

समजा २८ मुलं आहेत. मैदानावर समोरासमोर दोन रेघा. एका रेघेवर ७ मुलं, ती हरणं. दुसऱ्या रेघेवर २१ मुलं, ती हरणांच्या गरजा: अन्न, पाणी, आसरा. सगळे एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. प्रत्येक हरीण मनात ठरवतं, आपल्याला आत्ता काय हवंय. अन्न हवं असेल तर हात पोटावर, पाणी हवं असेल तर तोंडावर, आसरा हवा असेल तर डोक्यावर. पलीकडची मुलंही आपण कोणती गरज आहोत ते ठरवून तशीच खूण करतात. इशारा झाला की सगळे वळतात. हरणं धावत जाऊन आपल्यासारखी खूण केलेल्या मुलाला गाठतात आणि आपल्या बाजूला घेऊन येतात. गरज भागली म्हणजे हरीण जगलं, त्याला पिल्लू झालं, म्हणून आणलेलं मूलही आता हरीण. ज्या हरणाला काहीच मिळालं नाही ते मेलं. ते पलीकडच्या रेघेवर जातं आणि गरजांमध्ये सामील होतं. प्रत्येक फेरी म्हणजे एक वर्ष, आणि दर वर्षी हरणांची संख्या मोठ्या कागदावर टिपायची.

पहिल्या वर्षी ७ पैकी ५ हरणांना हवं ते मिळालं असं धरू. आता हरणं १० आणि गरजा १८. पुढच्या वर्षी १० पैकी ८ जगली, हरणं झाली १६, गरजा उरल्या १२. मुलं आनंदाने ओरडत असतात. आणि तिसऱ्या वर्षी १६ हरणं १२ जणांवर धावतात, कित्येक एकाच मुलावर जाऊन आदळतात, फक्त ५ जगतात. संख्या पुन्हा १०, गरजा १८. दहाबारा फेऱ्या खेळून झाल्यावर कागदावर वरखाली जाणारी रेघ तयार होते. एखादी जागा किती प्राण्यांना पोसू शकते याला मर्यादा असते आणि संख्या त्या मर्यादेच्या आसपास हेलकावे खाते, हे मुलांनी आता स्वतः धावून पाहिलेलं असतं. मग एखाद्या फेरीत गुपचूप सांगावं की यंदा कुणीही पाणी व्हायचं नाही, दुष्काळ आहे. रेघ धाडकन खाली येते.

खेळ संपल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा: मेलेलं हरीण पलीकडच्या रेघेवर का गेलं? बहुतेक वेळा एखादं मूल थांबत थांबत म्हणतं, कारण ते मातीत मिसळलं, त्यावर गवत आलं. त्या उत्तरासाठी मी खेळाची अर्धी वेळ द्यायला तयार आहे. खेळात काय खोटं आहे हेही बोलावं. खऱ्या हरणाला अन्न, पाणी, आसरा तिन्ही एकाच वेळी लागतात, ते एका वर्षात मरत नाही, आणि त्याला खाणारे प्राणीही असतात. मुलांना हे सांगितलं की ती खेळाचे नियम स्वतः बदलू लागतात, वाघ आणतात, आजार आणतात. तेव्हा त्यांना थांबवू नये.

अकरा ते तेरा वर्षं

गणितातलं गुणोत्तर आता हाताशी आलेलं असतं, आणि बाहेरचं जग गुणोत्तरांनी भरलेलं आहे. झाडाची उंची सावलीवरून काढता येते. एक मीटरच्या काठीची सावली ८० सेंटीमीटर असेल आणि त्याच वेळी झाडाची सावली ९.६ मीटर, तर झाड १२ मीटर उंच. जमिनीपासून सुमारे १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, π ने (पाय, म्हणजे सुमारे ३.१४) भागायचं, व्यास मिळतो. मोजमाप नेहमी त्याच उंचीवर घेतलं की यंदाचं झाड आणि तीन वर्षांनंतरचं झाड यांची तुलना होते.

दोऱ्याच्या जाळ्याचा खेळ तुम्ही पाहिला असेल. मुलं गोल उभी राहतात, एकजण झाड, एकजण फुलपाखरू, एकजण पाऊस, आणि सुतळीचा गुंडा एकाकडून दुसऱ्याकडे जात जाळं तयार होतं. शेवटी शिक्षक एक दोरा ओढतात आणि सांगतात, बघा, सगळं एकमेकांना जोडलेलं आहे. या रूपात तो या वयाला अपुरा पडतो. कोणाचंही कोणाशीही नातं जोडलं तरी चालतं, त्यामुळे शेवटी हाती काहीच ठोस राहत नाही. दोन अटी घातल्या तर तोच खेळ खूप धारदार होतो. एक, ज्याची खूण आज इथे सापडली तोच जीव जाळ्यात. दोन, दोरा टाकताना त्यातून काय जातं ते सांगायचं: परागकण, अन्न, सावली, बी, घरट्याला जागा. मग एक जीव काढून बघायचं, कोणाचे सगळे दोरे सुटले आणि कोणाचा एकच सैल झाला. सगळी नाती सारख्या वजनाची नसतात आणि काही जीव गेले तर जास्त जाळं फाटतं, ही खरी परिसंस्थेची गोष्ट तिथे दिसते.

पण या वयाला सर्वांत शोभणारी जागा म्हणजे उथळ, वाहता ओढा. पाण्याचा वेग आधी मोजावा. काठावर १० मीटर अंतर आखायचं, काठीचा तुकडा सोडायचा, वेळ बघायची. २० सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी आणि काठाशी घर्षणामुळे पाणी हळू वाहतं, म्हणून सरासरीसाठी या वेगाला ०.८५ ने गुणतात. ओढा २ मीटर रुंद आणि सरासरी ३० सेंटीमीटर खोल असेल तर दर सेकंदाला साधारण २५५ लिटर पाणी समोरून जातंय. हा आकडा ऐकल्यावर मुलं ओढ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागतात.

मग तळ. बारीक जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची, तिच्या वरच्या अंगाला पाण्यात उभं राहून पायाने दगड-वाळू हलवायची. निसटलेले जीव वाहत जाळीत येतात. पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात ते ओतले की सुरुवातीला नुसता कचरा दिसतो, आणि मिनिटाभराने कचरा चालू लागतो. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय हे लहानपण पाण्यात काढणारे उडते कीटक. मेफ्लायच्या पिल्लांना बहुधा तीन शेपट्या आणि पोटाच्या कडेला फडफडणारे कल्ले. स्टोनफ्लायच्या पिल्लांना दोन शेपट्या. कॅडिसफ्लायच्या काही अळ्या वाळूचे कण आणि काड्या चिकटवून अंगाभोवती नळी बांधतात. हे तीन गट भरपूर प्राणवायू असलेल्या स्वच्छ पाण्यात आढळतात आणि प्रदूषण वाढलं की सर्वांत आधी दिसेनासे होतात. याउलट न चावणाऱ्या एका जातीच्या चिलटांच्या लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स किडे घाण, कमी प्राणवायूच्या गाळातही तग धरतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. तेच रसायन आपल्या रक्तात आहे, आणि पाण्यातला तुटपुंजा प्राणवायू पकडून ठेवायला ते या किड्यांना मदत करतं.

आता प्रश्न असा: पाण्याची रासायनिक चाचणी करता येत असताना किडे कशाला मोजायचे? चाचणी आत्ताच्या पाण्याबद्दल सांगते. सकाळी कुणी घाण सोडली आणि दुपारपर्यंत ती वाहून गेली, तर दुपारची चाचणी निर्मळ येईल. पण मेफ्लायची पिल्लं महिनोन् महिने पाण्यातच राहतात, त्यामुळे ती जिथे आहेत तिथे मागचे काही महिने पाणी बरं होतं असं म्हणता येतं. तापमानही मोजून घ्यावं, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. काठावरची झाडं तोडल्याने ओढ्यातले किडे का बदलतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग या दोन आकड्यांत आहे, आणि मुलं तो स्वतः जुळवू शकतात.

चौदा आणि पुढे

किशोरवयीन मुलांना खेळ नको असतात असं नाही, पण नुसतं 'निसर्ग अनुभवा' म्हटलं की त्यांना आपल्याला लहान समजतात असं वाटतं. त्यांना खरं काम हवं, ज्याचं उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही असं. इथे दोन गोष्टी शिकवता येतात ज्या आधी जमत नव्हत्या: नमुन्यावरून अंदाज बांधणं, आणि त्या अंदाजावर शंका घेणं.

बागेत गोगलगायी किती, हा प्रश्न घ्या. सगळ्या पकडणं अशक्य. डेन्मार्कचे पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांच्या अभ्यासात आणि अमेरिकेच्या लिंकन यांनी १९३० मध्ये बदकांसाठी वापरलेली रीत इथे चालते. पहिल्या दिवशी ४० गोगलगायी पकडून शंखाच्या कडेला, पक्ष्यांच्या नजरेत भरणार नाही असा निर्धोक रंगाचा बारीक ठिपका द्यायचा आणि त्यांना सोडायचं. काही दिवसांनी परत ५० पकडायच्या. त्यांत १० ठिपकेवाल्या निघाल्या, म्हणजे पाचवा हिस्सा. मग आपण ठिपके दिलेल्या ४० ह्याही एकूण संख्येच्या पाचवा हिस्सा असाव्यात, म्हणून एकूण सुमारे २००. आता खरी चर्चा. १० ऐवजी ८ निघाल्या असत्या तर अंदाज २५० झाला असता, १२ निघाल्या असत्या तर १६७. दोन गोगलगायींच्या फरकाने एवढा बदल! मधल्या काळात काही बाहेर गेल्या असतील तर? ठिपके धुऊन गेले असतील तर? बातम्यांतले वन्यजीवांचे आकडे कसे तयार होतात आणि त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे अशा एका उपक्रमातून नीट समजतं.

दगडफूल, म्हणजे खोडावर आणि खडकावर दिसणारी लायकेनची राखाडी, पिवळी, हिरवट नक्षी, हा या वयासाठी दुसरा सुंदर विषय. त्याला मुळं नसतात आणि पानांवर असतं तसं मेणचट आवरणही नसतं. पाणी आणि पोषण ते थेट हवेतून व पावसातून शोषतं, त्यामुळे हवेतलं विषही. दगडफुलाचे अभ्यासक विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या नोंदींवरून लिहिलं होतं की शहराच्या हवेचा दर्जा दगडफुलावरून ओळखता येतो. मुलांनी मोठ्या रस्त्यापासून वाढत्या अंतरावर, एकाच जातीच्या झाडांवर, खोडाच्या एकाच बाजूला आणि एकाच उंचीवर पारदर्शक जाळीचा कागद धरून दगडफुलाने किती घरं व्यापली ते मोजावं. या अटी कशासाठी, हे त्यांनाच शोधू द्यावं. निकाल सरळ येईलच असं नाही. सल्फर डायऑक्साइडने नाजूक जाती मरतात, पण नायट्रोजनयुक्त प्रदूषण काही पिवळ्या-नारिंगी जातींना मानवतं, म्हणजे भरपूर दगडफूल म्हणजे स्वच्छ हवा असं थेट म्हणता येत नाही. निकाल गोंधळाचा आला तर तो तसाच मांडायला लावावा.

वर्षानुवर्षं चालणारी नोंदही इथे सुरू करता येते. इंग्लंडच्या नॉरफक भागात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा, म्हणजे पहिलं फूल, पहिली पालवी, पहिला स्थलांतरित पक्षी, तारखेसह लिहायला घेतल्या आणि त्यांच्या वंशजांनी हे काम १९५८ पर्यंत चालवलं. त्या वह्या आज हवामानबदलाच्या अभ्यासात वापरल्या जातात. अमेरिकेत १९०० च्या नाताळात पक्षी मारण्याच्या प्रथेऐवजी २७ निरीक्षकांनी पक्षी मोजले. ती गणना अजून दरवर्षी होते. शाळेच्या आवारातल्या दोन झाडांची अशी नोंद ठेवायला वही आणि चिकाटी पुरते.

हवामानबदल, जमिनीचा वापर, आक्रमक वनस्पती यांवरचे निर्णयाचे विषय याच वयात यावेत. मात्र हवेतल्या वादविवादापेक्षा स्वतः गोळा केलेली माहिती हातात घेऊन बोललेलं बरं. समजा खेळाचं मैदान वाढवण्यासाठी शेजारचा पाणथळ जमिनीचा तुकडा माती टाकून बुजवायचा प्रस्ताव आहे. खेळाडू, शेजारी, पाणी-अभियंता, पक्षीनिरीक्षक अशा भूमिका वाटून द्याव्यात आणि नियम ठेवावा: दावा करायचा तर चौकटीतला किंवा ओढ्यातला आकडा दाखवायचा. मुलांना दिसतं की आकडे बरंच काही सांगतात, आणि तरीही काय महत्त्वाचं हे माणसांनाच ठरवावं लागतं.

आखणीबद्दल थोडं

जागा आदल्या दिवशी स्वतः फिरून बघावी. मधमाश्यांचं पोळं, सुटलेले दगड, पाण्याची खोली यांचा अंदाज त्याशिवाय येत नाही. पाणी गटातल्या सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्याखाली हवं, आणि वरच्या भागात पाऊस झाला असेल तर ओढ्याचा बेत सोडावा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नये. कोणाला दंशाची अ‍ॅलर्जी आहे, कोणाला औषध लागतं, हे निघण्याआधी माहीत हवं. माती आणि पाणी हाताळल्यावर खाण्याआधी साबणाने हात.

मोठा गट पाचसहा जणांच्या तुकड्यांत वाटावा आणि प्रत्येक तुकडीत कामं ठरवून द्यावीत: मोजणारा, लिहिणारा, वेळ बघणारा, साहित्य सांभाळणारा. चाकाच्या खुर्चीतलं मूल ओढ्यात उतरू शकत नसेल तर ट्रे टेबलावर त्याच्यासमोर यावा आणि किडे ओळखण्याचं काम त्याच्याकडे असावं, कारण सगळी गंमत त्या ट्रेमध्येच आहे. वेगवेगळ्या वयांचे गट एकत्र आले तर मोठ्यांना लहानांसाठी उपक्रम चालवू द्यावा. चौदा वर्षांच्या मुलीला आठ वर्षांच्या मुलाला 'मेफ्लायला कल्ले का असतात' हे सांगावं लागलं की तिला स्वतःला ते किती कळलंय ते स्पष्ट होतं.

हाती एकच तास असेल तर एकच उपक्रम करावा. पाच मिनिटं प्रश्न मांडायला, पस्तीस मिनिटं काम, आणि उरलेली वीस मिनिटं गोल बसून बोलायला. वेळ कमी पडू लागला की लोक हे बोलणंच आधी कापतात, आणि मुलांना फक्त चिखल आठवतो. कामातली दहा मिनिटं कमी झाली तरी चालतील, बोलण्याची वीस मिनिटं सोडू नयेत. विचारायचं एवढंच: काय दिसलं, कशामुळे असेल, आणि पुढच्या वेळी काय मोजायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या फेरीचा बेत मुलांनीच ठरवलेला असेल.